चिडखोर माणसाची माया

बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी नावाचे गाव आहे. सरहद्दीच्या या मुलखात एकाच प्राण्याला तीन नावांनी हाक मारली जाते. मराठी घरात ते मांजर, कानडी घरात बेक्कु आणि दखनी बोलणाऱ्या घरात बिल्ली. तिन्ही घरांत ते आलेले असते मात्र एकाच कामासाठी. ज्वारी, तूर, हरभरा पिकविणाऱ्या प्रदेशात कणगीमागे उंदीर येतो आणि उंदरामागे मांजर येते. हा शेजार फार जुना आहे. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या मांजराचा जो सांगाडा संशोधकांना सापडला, तो सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे.

कामासाठी आलेल्या या प्राण्याचे म्हातारपण मात्र कोणाच्या हिशेबात नसते. दात पडले, उंदीर धरवेनासा झाला, की कणगीच्या दृष्टीने त्याचा उपयोग संपला. अशा वेळी घरात त्याचा वाली कोण, हे पाहू गेल्यास पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. ज्या म्हाताऱ्याच्या करड्या आवाजाला सारे घर भिते, ज्याची पत्नी निवर्तून कित्येक वर्षे लोटली आहेत, ज्याला चहा कधी पुरेसा गरम लागत नाही आणि भाकरी कधी पुरेशी मऊ लागत नाही, तोच आपल्या ताटातला घास बोटांनी कुस्करून त्या मांजरापुढे सारीत असतो. आणि कोणी पाहिले, की 'हे मेलं पायांतून हलत नाही' असे म्हणून त्याच मांजरावर खेकसतो.

अशा माणसाच्या चिडखोरपणाकडे घरातील मंडळी स्वभावदोष म्हणून पाहतात. त्यामागे बहुधा एक साधी अडचण असते. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात पत्नी ही पुरुषाची दुभाषी होऊन बसलेली असते. त्याला भूक लागली आहे, हे तो न बोलताच तिला कळते. त्याच्या ओरडण्यात राग किती आणि काळजी किती, हे ती मुलांना उलगडून सांगते. बापाचे म्हणणे सुनेपर्यंत पोचते ते तिच्या तोंडून, धार बोथट होऊन. ती गेली, की त्याची भाषा घरात कोणालाच कळेनाशी होते. शब्द पूर्वीचेच राहतात; त्यांचा अर्थ सांगणारे माणूस तेवढे नाहीसे झालेले असते.

हे एकटेपण केवळ मनाला पोखरते असेही नाही. इंग्लंडमध्ये पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी करण्यात आली होती. तिचे पुढील निष्कर्ष १९६९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने चाळीस टक्क्यांनी अधिक आढळले. पहिले वर्ष काढल्यावर हा धोका पुष्कळसा ओसरतो. परंतु ते वर्ष काढावयाचे कशाच्या आधारावर, हा प्रश्न प्रत्येकाला आपल्यापुरता सोडवावा लागतो.

तो एका माणसाने कसा सोडविला, याचे अत्यंत तपशिलाने नोंदलेले उदाहरण हवे असेल, तर दुबलगुंडीहून फार दूर, अठराव्या शतकातील लंडन शहरात जावे लागते. इंग्रजी भाषेचा थोर कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन हे ते उदाहरण होय. मराठी अभ्यासकाच्या मनात मोल्सवर्थच्या कोशाला जे स्थान आहे, ते इंग्रजांच्या मनात १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन्सनच्या कोशाला आहे. माणूस धिप्पाड, चेहऱ्यावर गंडमाळांचे व्रण, दृष्टी अधू, अंगाला सतत झटके येत. वादात प्रतिपक्ष्याची ते गय करीत नसत, आणि त्यांच्या फटकळपणाच्या गोष्टी त्यांच्या हयातीतच सर्वतोमुखी झाल्या होत्या.

अशा या माणसाचे लग्न १७३५ मध्ये झाले, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. वधू एलिझाबेथ ही विधवा होती, तीन मुलांची आई होती आणि वराहून वीस वर्षांनी मोठी होती. मित्रमंडळींनी या जोडप्याची पुष्कळ टवाळी केली. जॉन्सन तिला प्रेमाने 'टेटी' म्हणत. तिच्या पैशांतून त्यांनी एक शाळा काढली; ती लवकरच बुडाली. पुढे लंडनमध्ये लेखणीवर पोट भरण्याची ओढाताण सुरू झाली. शेवटची वर्षे टेटीने आजारपणात काढली, आणि मार्च १७५२ मध्ये ती वारली. ज्या कोशासाठी जॉन्सन रात्रंदिवस खपत होते, तो पुरा होण्यास अजून तीन वर्षे अवकाश होता. कोश बाहेर पडला, कीर्ती झाली, पुढे राजाकडून वर्षाला तीनशे पौंडांचे वेतनही मिळू लागले. परंतु ते सुख पाहावयास टेटी नव्हती.

जॉन्सन त्यानंतर बत्तीस वर्षे जगले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. टेटीच्या लग्नाची अंगठी त्यांनी एका लहानशा लाकडी डबीत जपून ठेवली होती. तिच्या मृत्यूचा दिवस आला, की ते प्रार्थना करीत आणि तिची नोंद ठेवीत. त्यांच्या पश्चात् या नोंदी प्रसिद्ध झाल्या. १७८२ च्या मार्चमध्ये, म्हणजे तीस वर्षे उलटून गेल्यावरही, त्या दिवसाची नोंद आहे, आणि तिच्यात शोकाइतकाच पश्चात्तापही आहे. ज्याने पत्नीच्या हयातीत आपण कोठेतरी उणे पडलो असे मनाशी म्हटले आहे, अशा प्रत्येक माणसाला ही टोचणी ओळखीची वाटेल. मरणाच्या सालीच, १७८४ च्या उन्हाळ्यात, ब्रॉम्ली येथील तिच्या थडग्यावर शिळा बसविण्याची व्यवस्था त्यांनी केली. डिसेंबरात ते स्वतःच गेले.

या बत्तीस वर्षांत त्यांचे घर रिकामे मात्र नव्हते. अॅना विल्यम्स ही अंध कवयित्री, गोरगरिबांना औषध देणारे रॉबर्ट लेव्हेट, अशी निराधार माणसे त्यांनी घरात ठेवून घेतली होती. ही मंडळी आपसांत भांडत आणि जॉन्सन त्या भांडणांना कंटाळत. पण घराबाहेर त्यांनी कोणाला घालविले नाही. याच घरात हॉज नावाचे एक मांजर होते.

त्यांचे चरित्रकार बॉझ्वेल यांना मांजर सोसत नसे. ते खोलीत असले तरी बॉझ्वेल अस्वस्थ होत. तरीही १७९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रात त्यांनी हॉजला जागा दिली आहे. मांजर जॉन्सनच्या छातीवर चढे आणि ते हळूच शीळ घालीत त्याची पाठ कुरवाळीत. एकदा बॉझ्वेलनी हॉजची स्तुती केली, तेव्हा याहून आपल्याला अधिक आवडलेली मांजरे पूर्वी होऊन गेली, असे जॉन्सन बोलून गेले. आणि लगोलग, जणू मांजराच्या मनाला लागले असावे म्हणून, हेही मांजर फार चांगले आहे अशी पुस्ती त्यांनी जोडली. विद्वानांच्या सभेत शब्द मागे घेण्याची ज्याला सवय नव्हती, त्याने एका मांजरासाठी तो सावरून घेतला.

याहून महत्त्वाची हकिकत श्रीमती थ्रेल यांनी सांगितली आहे. जॉन्सनच्या या स्नेहाळ यजमानीणबाईंनी, पुढे पिओझी हे नाव धारण केल्यावर, १७८६ मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. हॉज म्हातारा आणि आजारी झाला, तेव्हा त्याला कालवांखेरीज काही खाववेना. कोकणच्या खाडीकाठी जे शिंपल्यातले मऊ मांस कालव म्हणून ओळखले जाते, तेच हे. त्या काळच्या लंडनमध्ये ते स्वस्त असे. ती आणण्यास जॉन्सन स्वतः बाजारात जात. घरात फ्रान्सिस बार्बर हा नोकर असताना ते नोकराला पाठवीत नसत. बार्बर हा जमेकात गुलामगिरीत जन्मलेला काळा मुलगा. टेटीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत तो या घरात आला होता. एका चतुष्पादाच्या सेवेला आपल्याला जुंपले, असे वाटून त्याचे मन दुखावू नये, एवढ्याचसाठी इंग्लंडातील हा सर्वांत नामांकित विद्वान मांजराचे जेवण आणण्यास जाई.

या लहानशा कृतीत जॉन्सनचे सारे मन दिसते. मांजराची माया तर त्यात आहेच; परंतु त्या मायेचा भार दुसऱ्या कोणावर पडू नये, ही काळजी तिच्याहून मोठी आहे. जनावरांवर जीव टाकणारी आणि त्याच वेळी गड्यामाणसांना ताडताड बोलणारी माणसे सर्वत्र आढळतात. जॉन्सनच्या मायेत ही वाटणी नव्हती. मृत्युपत्रात त्यांनी बार्बरसाठी वर्षाला सत्तर पौंडांची तरतूद केली आणि उरलेल्या मिळकतीचाही त्याला धनी केले. टेटीची ती अंगठी बार्बरने प्रथम टेटीच्या मुलीला देऊ केली. तिने ती घेतली नाही. तेव्हा बार्बरने तीवर मिन्याचे काम करवून आपल्या धन्याची स्मृती म्हणून ती आपल्या पत्नीला दिली. एका विधुराने जपलेले प्रेम अशा रीतीने ज्याचे मन त्याने जपले होते, त्याच्या घरी गेले.

हॉजचे पथ्य आजच्या पशुवैद्याच्या दृष्टीनेही योग्यच होते. घरातले मांजर दहा-अकरा वर्षांचे झाले, की ते म्हातारे समजावे. दात आणि हिरड्या दुखू लागतात. मूत्रपिंडे दुबळी होऊन ते अधिक पाणी पिऊ लागते. अंग चाटून स्वच्छ ठेवणे कमी होते. उंच उडी टाळली जाते. आणि दुखणे लपविणे हा तर त्याचा जातिस्वभावच. मांजर हे मूळचे मांसाहारी. टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून न मिळाल्यास त्याचे डोळे व हृदय बिघडते, आणि कालवांत ते द्रव्य भरपूर असते. आपल्याकडे मांजराला दूधभात घालण्याची रीत आहे. परंतु पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना दूध पचत नाही, आणि गोडाची चव तर मांजराला कळतच नाही. म्हाताऱ्या मांजरासाठी मऊ शिजविलेली, काटा काढलेली मासळी किंवा अंडे हे दुधाहून हितकर. म्हशीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसाने मांजर घेऊन तीच पायरी चढण्यास लाजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात असा पुरुष आठवावयाचा तर इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव प्रथम सुचते. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. स्वभाव तिखट, मते टोकाची, आणि स्नेह्यांशीही पटण्यास कठीण. परंतु हाच माणूस गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर आणि वाळवी यांच्या तोंडी पडलेली दप्तरे सोडवीत राहिला. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचा अंत झाला. जॉन्सनच्या मांडीवर मांजर होते. राजवाड्यांच्या मांडीवर जीर्ण कागद होते. दोघांनीही आपली माया बोलून दाखविली नाही, ती हातांनी केली.

श्रीवैष्णवांच्या एका शाखेने ईश्वराच्या कृपेला मांजरीची उपमा दिली आहे. माकडाचे पिलू आईला घट्ट धरून राहते; मांजरीच्या पिलाला मात्र काहीच करावे लागत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. ज्या दातांनी ती उंदीर मारते, त्याच दातांनी ती पिलू उचलते. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत, ही आपल्याकडील म्हण याच निरीक्षणातून निघाली. घरातल्या खेकसणाऱ्या वृद्धाकडे या म्हणीच्या प्रकाशात एकदा पाहावे.

त्याला सहानुभूतीचे शब्द रुचत नाहीत. कारण त्यांत त्याला आपली दया केल्याचा वास येतो. काम मात्र त्याला रुचते. कोणीतरी आपल्यावाचून उपाशी राहील, एवढी जाणीव त्याला पहाटे उठवावयास पुरते. म्हणून हातात वाटी घेऊन तो मांजराला शोधीत हिंडत असेल, तर त्याला हसू नये, आणि सोयीच्या नावाखाली ती वाटी त्याच्या हातून काढूनही घेऊ नये. त्याला शक्य असेल तोवर मांजराचे खाणे त्यालाच आणू द्यावे. संध्याकाळी 'मांजर जेवलं का?' असे तो गुरगुरत विचारतो, तेव्हा त्या घरात पूर्वी कोणीतरी त्याच्याविषयी हाच प्रश्न रोज विचारीत असे, एवढे ध्यानात ठेवावे. आणि मांजर जेवल्याचे सांगून झाल्यावर त्याचेही पान मांडावे.