गॅस टर्बाइनचे भवितव्य : आडात आणि पोहऱ्यात



कोकणात वाशिष्ठी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यात एक प्रचंड वीजप्रकल्प उभा आहे. प्रकल्प अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात असला, तरी जगाने त्याला ‘दाभोळ’ याच नावाने ओळखले. दाभोळ म्हटले की एन्रॉन, करार, आंदोलने आणि न्यायालयीन लढाया आठवतात. त्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मात्र झाकला गेला. वायूवर चालणारे यंत्र उभे करण्यापूर्वी तो वायू कोठून येणार, किती येणार आणि कोणत्या भावाने येणार? नैसर्गिक वायूवरील टर्बाइनच्या भवितव्याचा सारा विचार अखेर या प्रश्नापाशी येऊन थांबतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपल्या आजी-पणज्या म्हणत आल्या. अब्जावधी रुपयांच्या प्रकल्पांना हे शहाणपण लागू पडत नाही, अशी समजूत मात्र मोठमोठ्या तज्ज्ञांनी करून घेतली.

यंत्राचे सामर्थ्य

प्रथम या यंत्राचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. वीजनिर्मितीसाठी पहिले गॅस टर्बाइन १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे बसविण्यात आले. त्याची क्षमता अवघी चार मेगावॅट होती आणि इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम अठरा टक्क्यांच्या आसपास भागाची वीज होत असे. यंत्राची रचना सोपी आहे. हवा आत ओढून दाबायची, त्या दाबलेल्या हवेत वायू जाळायचा आणि त्यातून निघणाऱ्या तप्त झोताने पाती फिरवायची. पात्यांनी निर्माण केलेल्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग हवा दाबण्यातच खर्ची पडतो. उरलेल्या शक्तीवर वीज तयार होते.

खरी क्रांती झाली ती टाकाऊ उष्णतेच्या उपयोगाने. टर्बाइनमधून बाहेर पडणारा झोत सुमारे सहाशे अंश सेल्सियस तापमानाचा असतो. त्यावर पाण्याची वाफ करून दुसरे टर्बाइन फिरविले, की त्याच इंधनातून जवळपास दीडपट वीज मिळते. यालाच संयुक्त चक्र म्हणतात. आज उत्तम संचांची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. फ्रान्समधील बूशँ येथील केंद्राने २०१६ मध्ये ६२ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. कोळशाच्या तुलनेत प्रत्येक युनिटमागे निम्म्याहून कमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि राखेचा प्रश्नच उरत नाही. शिवाय थंड पडलेल्या कोळसा केंद्राला पूर्ण भारावर येण्यास कित्येक तास लागतात, तर एकट्या गॅस टर्बाइनला अर्धा तासही पुरतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव लवकर आला. १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागला, त्या समुद्रातील वायू किनाऱ्यावर आला आणि उरण येथे राज्य वीज मंडळाचे केंद्र उभे राहिले. पुढे टाकाऊ उष्णतेवरील संच जोडून त्याची क्षमता ६७२ मेगावॅट झाली. वायू दाराशी होता, म्हणून यंत्र चालले. पुरवठा आटू लागला तसे तेच उरण क्षमतेपेक्षा कमी वीज देऊ लागले. यंत्र तेच आणि माणसेही तीच. उणे होते ते केवळ इंधन.

दाभोळचा धडा

दाभोळची कथा याच्या उलट दिशेने सुरू झाली. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाशी वीजखरेदी करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही वायूवर नव्हे, तर नाफ्त्यावर. द्रवरूप वायू उतरविण्याचे बंदरच तयार नव्हते. इंधन महाग, दराची सांगड डॉलरशी आणि वीज घेतली नाही तरी भरावा लागणारा स्थिर आकार, या तिहेरी ओझ्याखाली वीज मंडळ वाकले. २००१ च्या मे महिन्यात निर्मिती थांबली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि १,९६७ मेगावॅटच्या या प्रकल्पाला दुसरे जीवन मिळाले. परंतु मालक बदलला म्हणून आडाला पाणी लागत नाही. आंध्रच्या किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर सारी भिस्त होती. तो वायू आटला तसा २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा थंडावला. त्याच वर्षी बंदर कार्यान्वित झाले खरे. पण लाटा अडविणारा बांध अपुरा असल्याने पुढे दीर्घकाळ पावसाळ्याच्या महिन्यांत तेथे जहाजे लागू शकत नसत. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला सुमारे पाचशे मेगावॅट वीज देण्याची व्यवस्था झाली, म्हणजे क्षमतेच्या पाव भागाला काम मिळाले.

एका स्वप्नाची किंमत

हा केवळ दाभोळचा दैवदुर्विलास असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००२ मध्ये मोठा साठा सापडला, २००९ च्या एप्रिलमध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०१० मध्ये ते दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या आसपास पोहोचले. देशभर वायुकेंद्रांची उभारणी सुरू झाली, बँकांनी कर्जे दिली. भूगर्भाने मात्र साथ दिली नाही. तीनचार वर्षांतच उत्पादन एक-चतुर्थांशावर आले आणि मार्च २०१३ पासून वीजकेंद्रांना तेथून मिळणारा वायू बंद झाला. खतकारखाने आणि घरगुती वायू यांचा हक्क आधीचा ठरला, आणि तो योग्यच होता. २०१९ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने या केंद्रांचा आढावा घेतला, तेव्हा देशातील सुमारे २५ हजार मेगावॅट वायुक्षमतेपैकी १४ हजारांहून अधिक क्षमता इंधनाअभावी अडकून पडली होती. गेल्या काही वर्षांत देशाच्या एकूण वीजनिर्मितीत वायूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास उरला आहे.

याच काळात ईशान्येकडील त्रिपुरात वेगळे चित्र दिसते. पलाटणा येथे ७२६ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. अवजड यंत्रसामग्री बांगलादेशातील नदीमार्गाने न्यावी लागली, एवढे ते दुर्गम. पण वायूच्या विहिरी त्रिपुराच्याच भूमीत होत्या. २०१३ मध्ये पहिला संच राष्ट्राला अर्पण झाला आणि पूर्वांचलातील राज्यांना त्याची वीज मिळू लागली. दाभोळला बंदर, महामार्ग आणि मुंबईसारखी बाजारपेठ जवळ होती. पलाटण्याला यातले काहीच नव्हते. तरीही पलाटणा चालले आणि दाभोळ अडखळले, याचे कारण सांगण्यास कोण्या पंडिताची आवश्यकता नाही.

आयातीचा भरवसा किती?

आयातीचा मार्ग आहे, असे म्हटले जाते. त्याचा हिशेब करून पाहावा. वायूचा भाव दहा लाख ब्रिटिश उष्मा एककांना मोजतात. सर्वसाधारण संयुक्त चक्रात एवढ्या वायूतून सुमारे १४५ युनिट वीज होते. भाव दहा डॉलर धरला, तर केवळ इंधनाचा खर्च युनिटमागे सहा रुपयांच्या घरात जातो. नळवाहतूक, कर आणि भांडवलाचे व्याज वेगळेच. दुपारची सौरवीज अडीच रुपयांच्या आसपास मिळत असताना हा दर रोजच्या विजेला कसा परवडावा?

आणि दहा डॉलर हा भाव तरी स्थिर कोठे आहे? २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि आशियाई बाजारात हा भाव काही काळ पन्नास डॉलरच्याही पुढे गेला. युरोपने अधिक पैसे मोजून वायू उचलला, बांगलादेशाने खुल्या बाजारातील खरेदी थांबविली आणि तेथे भारनियमन सुरू झाले. भारताच्या गेललाही दीर्घ मुदतीच्या एका करारातील जहाजे त्या वर्षी मिळेनाशी झाली. कतारशी २०२४ मध्ये झालेला करार २०२८ ते २०४८ अशा वीस वर्षांचा आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु ती जहाजे होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच येणार, याचे विस्मरण होता कामा नये.

मग हे यंत्र मोडीत काढावे काय?

येथे घाई करणे चुकीचे ठरेल. सौरऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ च्या जानेवारीत एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. सूर्य मावळला की ही सारी वीज तासा-दोन तासांत नाहीशी होते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशाने दिवे मालवले, तेव्हा काही मिनिटांत मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि लगेच पुन्हा चढली. ती झेप जाळ्याने पेलली, ती मुख्यत्वे जलविद्युत केंद्रांच्या बळावर. वायुकेंद्रांनीही आपला लहानसा वाटा उचलला. वेगाने वरखाली होणारी यंत्रे जाळ्याला का हवीत, याचा तो वस्तुपाठ होता.

रोजच्या संध्याकाळचे दोनचार तास बॅटऱ्या सांभाळू लागतील. त्यांची किंमत २०१० नंतर सुमारे नऊ-दशांशाने उतरली आहे. घाटघरसारखे पाणी वर चढवून साठविणारे प्रकल्पही सह्याद्रीच्या कुशीत आणखी उभे राहू शकतात. पण सलग आठवडाभर उष्म्याची लाट आली, वारा पडला किंवा कोळसा वेळेवर पोहोचला नाही, तर बॅटरी रिकामी झाल्यावर ती भरणार कशाने? २०२४ च्या मे-जूनसाठी केंद्र शासनाने वीज कायद्याचे कलम ११ वापरून वायुकेंद्रे सुरू ठेवण्याचे आदेश दिले आणि ३० मे रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. वर्षभर अडगळ वाटणारे यंत्र त्या दिवसांत आधार झाले.

म्हणजे वायूचे टर्बाइन आता रोजच्या भाकरीचे साधन राहणार नाही. अडीअडचणीला बाहेर काढावयाची ती गाठीची पुंजी असेल. हा फरक आकड्यांत पाहावा. एक हजार मेगावॅटचे केंद्र वर्षातून सात हजार तास चालविले, तर त्याला द्रवरूप वायूची सुमारे चौदा मोठी जहाजे लागतात. तेच केंद्र केवळ निकडीचे पाचशे तास चालविले, तर एक जहाज पुरते. चौदा जहाजांसाठी देशाला बाजारापुढे हात पसरावा लागतो. एक जहाज मात्र भाव उतरलेला असताना आधीच घेऊन ठेवता येते.

मात्र त्यासाठी साठवण हवी. २०२१ च्या ऑक्टोबरात कोळशाचे साठे आटले, तेव्हा वायुकेंद्रे मदतीला धावू शकली नाहीत, कारण त्याच वेळी वायूचे भाव आकाशाला भिडले होते. खनिज तेलासाठी देशाने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर येथे भूगर्भात राखीव साठे केले. वायूसाठीही तसा विचार झाला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय राष्ट्राला महाग पडते.

निर्णयाची वेळ

तीन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, कोणती केंद्रे राखायची हे ठरविणे. उरण, ट्रॉम्बेसारखी मोठ्या नगरांलगतची केंद्रे वेगळ्या नजरेने पाहिली पाहिजेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा जवळच्या वीजनिर्मितीचे मोल मुंबईकरांना कळले. जी केंद्रे वायूच्या नळापासूनही दूर आणि मागणीपासूनही दूर, त्यांचा मोह सोडावा. दुसरी, मोबदल्याची पद्धत बदलणे. दाभोळच्या करारात यंत्र नुसते उभे असल्याचे पैसे होते. पुढील करारांत पैसे तत्परतेचे असावेत. हाक दिल्यावर ठरल्या मिनिटांत वीज द्यावी, न दिल्यास त्या महिन्याचा आकार मिळू नये आणि इंधनाचा साठा दाखविल्याशिवाय करारच होऊ नये. तिसरी गोष्ट यंत्राच्या स्वावलंबनाची. आज मोठी टर्बाइन बनविणाऱ्या जगातील आघाडीच्या कंपन्या तीनच, अमेरिकेची जीई व्हर्नोव्हा, जर्मनीची सीमेन्स एनर्जी आणि जपानची मित्सुबिशी. संगणकीय विदाकेंद्रांसाठी अमेरिकेतून एवढी मागणी आली आहे, की नव्या ग्राहकाला काही वर्षे रांगेत थांबावे लागते. आज भंगारात दिलेला संच उद्या सहज परत मिळणार नाही. या यंत्राची तप्त पाती घडविणे ही मोजक्या राष्ट्रांना साधलेली विद्या आहे. धातूच्या वितळणबिंदूहूनही उष्ण झोतात ती फिरत असतात. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी पाती घडवून दिली. ही विद्या वीजकेंद्रांपर्यंत आणणे अवघड आहे, अशक्य नाही.

हायड्रोजन जाळणाऱ्या टर्बाइनची स्वप्नेही दाखविली जातात. त्यांचेही मोजमाप हवे. आकारमानाने तीस टक्के हायड्रोजन मिसळला, तरी कार्बनमध्ये घट होते ती अकरा टक्क्यांच्या आसपास, कारण तेवढ्याच आकारमानात हायड्रोजनची उष्णता वायूच्या एक-तृतीयांश असते. संशोधन अवश्य व्हावे. पण आजचा आराखडा त्या भरवशावर आखू नये.

बंधुभगिनींनो, दाभोळची किंमत महाराष्ट्राच्या वीजग्राहकाने मोजली. ज्यांनी करार केले, त्यांच्या खिशातून ती गेली नाही. येत्या काही वर्षांत देशातील वायुकेंद्रांबाबत नवे करार होतील, काही केंद्रे विकली जातील, काही मोडीत निघतील. वीज नियामक आयोगाच्या सुनावण्या जनतेसाठी खुल्या असतात. तेथे नागरिकांनी, ग्राहक संघटनांनी आणि अभियंत्यांनी जावे आणि प्रत्येक प्रस्तावाला पहिला प्रश्न विचारावा, की वायू कोठून येणार आणि कोणत्या भावाने? हा प्रश्न १९९२ मध्ये पुरेशा मोठ्या आवाजात विचारला गेला नाही. यापुढे तो विचारल्यावाचून एकही स्वाक्षरी होऊ नये.