पोरगं एकटं गेलं नाही



सप्ताहाचा आज पाचवा दिवस. आजच्या सेवेसाठी मी दुसरंच निरूपण ठरवून आलो होतो. पण काल कीर्तन संपलं, आरती झाली, माणसं पांगली, टाळकरी टाळ गुंडाळत होते, तेव्हा मंडपाच्या खांबाला टेकून एक पोरगा उभा असलेला दिसला. असेल वीस-बावीस वर्षांचा. सगळे गेल्यावर जवळ आला, पाया पडला आणि तिथंच बसला. म्हणाला, "महाराज, पंधरा दिवस झाले. रस्त्यावर माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस गेला. ना ओळखीचा ना पाळखीचा. पण डोळे मिटले की तोच दिसतोय. भाकरी घशाखाली उतरंना. घरातले म्हणतात बाधा झालीय, नारळ उतरून टाकला. मित्र म्हणतात, तुझा कोण लागत होता तो? महाराज, मला वेड लागतंय का?"

त्याला विचारूनच हे सांगतोय. नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. ही सरकारी नोंद आहे. आता विचार करा, गेलेल्या प्रत्येकाभोवती पाहणारे किती असतील? गेलेल्यांची नोंद होते. पाहणाऱ्यांची नोंद कुठं होते? ते घरी येतात, हातपाय धुतात, ताटावर बसतात आणि त्यांना जेवण जात नाही. आजची सेवा त्या पाहणाऱ्यांसाठी.

आता आपल्याकडं अशा माणसाला दोन उत्तरं लगेच मिळतात. एक म्हणतो, "ज्याची वेळ भरली तो गेला, तू कशाला मनाला लावून घेतोस?" दुसरा म्हणतो, "बघ, संसार असार आहे ते कळलं ना? आता लाग भजनाला." माऊली, मीसुद्धा ही उत्तरं बारा वर्षं व्यासपीठावरून दिली. उत्तरं शास्त्राला धरून आहेत, खोटी नाहीत. पण बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याची पोथी वाचून दाखवावी, तशी ती वेळ चुकून येतात. आधी हात द्यावा लागतो, पोथी नंतर.

आपण दाखला बघू. आदिकवी कोण? वाल्मीकी ऋषी. रामायणाची सुरुवात कशानं झाली? बालकांडाच्या दुसऱ्या सर्गात ती कथा आहे. वाल्मीकी स्नानाला तमसा नदीवर गेले. बरोबर शिष्य भरद्वाज. सकाळची वेळ, पाणी स्वच्छ, काठावर क्रौंच पक्ष्यांची जोडी आपल्याच नादात. आणि अचानक बाण आला. नर खाली पडला, रक्तात लोळला, मादीनं आकांत मांडला. वाल्मीकी ते बघायला गेले होते का? नाही. ते आंघोळीला गेले होते! तुम्हीसुद्धा बाजाराला निघालेले असता, कामावर निघालेले असता. बघायला कोण जातं? ते समोर येतं.

पुढं ऐका. महामुनींच्या तोंडून शाप बाहेर पडला. मग ते स्वतःच चमकले, की हे मी काय बोललो? आश्रमात परत आले. दुसरं काही बोलायला बसले तरी मन तिथंच. इतक्यात साक्षात ब्रह्मदेव आले. पाद्य झालं, पूजा झाली, आसन दिलं. आणि रामायण सांगतं, ब्रह्मदेव समोर बसलेले असताना वाल्मीकींचं मन त्या पक्ष्यापाशीच होतं. पुन्हा तोच शोक, पुन्हा तीच वाणी. माऊली, समोर ब्रह्मदेव बसलेत आणि ऋषीला दिसतोय मेलेला पक्षी! एवढा तपस्वी, त्याच्या डोळ्यापुढून एक पाखरू हलेना. मग आपल्या डोळ्यापुढून माणूस पंधरा दिवसांत कसा हलेल? त्या पोराला मी पहिलं हेच सांगितलं. बाळा, तुला वेड लागलेलं नाही. तुझं काळीज शाबूत आहे म्हणून ते दुखतंय. विठ्ठल विठ्ठल!

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती पोथीतली नाही. ती माझी आहे आणि मला शोभणारी नाही. पण सांगतो.

काही वर्षांपूर्वीचं सांगतोय. पौषाचा महिना, उसाचा हंगाम जोरात. रात्री अकराला एका गावचं कीर्तन उरकून आम्ही जीपनं निघालो. मी, मृदंगी, दोन टाळकरी आणि ड्रायव्हर. त्या रात्री माझं निरूपण कशावर होतं? मृत्यूवर! देह कसा क्षणभंगुर, काळ कसा उशाशी बसलाय. लोक रडले होते. मी खूश होतो. पुढं रस्त्याकडंला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या, बहुतेक टायर फुटलेला. चाकाला दगड लावलेला, पण मागं लाल दिवा नाही, काही नाही. आमच्या पुढं एक मोटारसायकल होती. धुकं होतं. आणि "धाड" असा आवाज झाला.

आम्ही उतरलो. पोरगा होता, कोवळा, मिसरूड फुटलेलं. श्वास चालू होता. आणि माऊली, तुमचा हा महाराज, मृत्यूवर दोन तास बोलून आलेला, जीपच्या दाराला धरून उभा राहिला. पाय उचलेना. तोंडातून नाम निघेना. आमचा ड्रायव्हर, जो कधी मंडपात बसला नाही, कीर्तन संपेपर्यंत गाडीत तंबाखू मळत बसायचा, तो रस्त्यावर मांडी घालून बसला. मला म्हणाला, "महाराज, उपरणं द्या." उपरणं घेतलं, रक्त येत होतं तिथं दाबून धरलं, दुसऱ्या हातानं त्या पोराचा हात धरला आणि एकच बोलत राहिला, "मी हाय इथं. मी हाय." मृदंग्यानं फोन लावला. गाडी येईपर्यंत पोरगा गेला. हात ड्रायव्हरच्या हातात होता.

त्यानंतर माझं काय झालं? मृदंगावर पहिली थाप पडली की मला "धाड" ऐकू यायचं. हातातला टाळ थरथरायचा. रात्रीचा प्रवास नको वाटायचा. मृत्यूवरचं निरूपण तर मी सोडूनच दिलं. लोकांना वाटलं महाराजांचा घसा बसलाय. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? लाज. मी काहीच केलं नाही, याची लाज. दीड महिना मी कुणाशी बोललो नाही.

आमच्या दिंडीत एक म्हातारे विणेकरी होते. त्यांनी ओळखलं. एक दिवस मला पारावर घेऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, त्या रातीचं कुणाला सांगितलंत का?" मी म्हटलं नाही. म्हणाले, "मग मला सांगा. पहिल्यापासून." मी सांगितलं. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही, दाखला दिला नाही, अभंग सांगितला नाही. ऐकलं. मग म्हणाले, "त्याच्या आईला भेटलात का?" मी म्हटलं, कुठल्या तोंडानं भेटू? म्हणाले, "तुम्ही तिथं होता. ती नव्हती. जा."

ड्रायव्हरला घेऊन गेलो. माउली ओसरीवर बसली होती. आम्ही कोण ते सांगितलं. तिनं ट्रॉलीबद्दल विचारलं नाही, कुणाची चूक ते विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, "माझं लेकरू एकटं होतं का?"

माऊली, सगळ्या जगात या प्रश्नाचं उत्तर आमच्या पाच जणांशिवाय कुणाकडं नव्हतं. ड्रायव्हरनं आपला हात पुढं केला. म्हणाला, "आई, ह्या हातात हात होता त्याचा. एकटं न्हवतं." तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडलो. त्या रात्री पहिल्यांदा झोपलो.

तेव्हा मला एक शब्द कळला, जो मी वर्षानुवर्षं नुसता बोलत होतो. साक्षी! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत स्वतःला साक्षी म्हणवतात. आणि नुसते साक्षी म्हणवून थांबत नाहीत, तिथंच लागून आसरा म्हणवतात, सखा म्हणवतात. देव पाहतो तो लांबून पाहत नाही, आसरा होऊन पाहतो. अपघाताच्या जागी एका क्षणासाठी देवाचं ते काम तुमच्या वाट्याला येतं. तुमच्यात ताकद होती म्हणून निवडलं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही तिथं होता, एवढंच. पण तुम्ही होता म्हणून कुणाचं तरी मरण बेवारस झालं नाही. त्या पोराला मी विचारलं, "तू तिथं काय केलंस?" म्हणाला, "काही नाही महाराज, नुसता बसलो होतो शेजारी." म्हटलं, अरे, यालाच सेवा म्हणतात!

आता संतांकडं या. चोखोबांचं काय झालं? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. महार म्हणून चोखोबांना त्या कामावर जावं लागलं. कूस कोसळलं आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर दरडीखाली गेले. सन १३३८ ची गोष्ट. परंपरा सांगते, पुढं नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात कितीतरी जणांची हाडं. नामदेवराय एकेक अस्थी उचलून कानाला लावत होते, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोखोबांची. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आजही पायरीचं दर्शन घेताना समोर चोखोबा आहेत.

आपण यातला चमत्कार बघतो. मला आता त्यातलं दुसरं दिसतं. एवढा मोठा संत ढिगाऱ्यात बसलाय आणि मेलेल्या माणसांची हाडं कानाला लावतोय. नाक दाबून निघून गेले नाहीत. "त्याचे भोग" म्हणाले नाहीत. ऐकलं, उचललं आणि देवाच्या दारात आणून ठेवलं. आपण पाहिलेलं दुःखही असंच करायचं असतं. ते टाकून पळता येत नाही आणि जन्मभर डोक्यावरही घेता येत नाही. ते देवाच्या दारापर्यंत आणून ठेवायचं आणि हात मोकळे करायचे.

आता व्यवहाराचं चार शब्दांत सांगतो, कारण नुसत्या भावनेनं भागत नाही.

असं काही समोर घडलं तर १०८ ला फोन करा. पोलिसांच्या भानगडीला भिऊ नका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही ते आलं. तुमच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. जखमीला उगाच ओढू-हलवू नका. काहीच सुचलं नाही तर हात धरा आणि "मी आहे" म्हणा. आणि हात जोडून सांगतो, मोबाईल काढून चित्रण करू नका. ते चित्र फिरत फिरत त्याच्या आईपर्यंत जातं. तिच्या पोराचं शेवटचं दर्शन तुम्ही असं देणार आहात का?

घरी आल्यावर खुशाल आंघोळ करा, देवापुढं दिवा लावा. पण बाधा झाली म्हणून घाबरू नका. नारळ उतरवणाऱ्या घरच्यांनो, नारळ राहू द्या, त्या पोराशेजारी बसा. तो बोलेल तेव्हा ऐका, नाही बोलला तर उकरून काढू नका. वेळेवर दोन घास खाऊ घाला. लहान लेकरानं पाहिलं असेल तर "काका झोपले" असं सांगू नका, ते झोपायलाच भिईल. खरं सांगा, थोडक्यात सांगा आणि जवळ घ्या. चार-सहा आठवड्यांत बहुतेकांचं मन हळूहळू ठिकाणावर येतं. महिना उलटला आणि झोप नाही, दचकणं थांबत नाही, जीव नकोसा वाटतोय असं असेल, तर डॉक्टरकडं जा. जीव नकोसा वाटला तर महिन्याचीही वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतोच ना? तिथं "नाम घे, हाड जुळेल" म्हणतो का? नाम घ्यायचंच, प्लास्टरही घालायचं.

आणि नाम कसं घ्यायचं? ते चित्र डोळ्यापुढं आलं की ढकलू नका, जितकं ढकलाल तितकं ते येतं. त्या माणसाच्या नावानं एकदा विठ्ठल म्हणा. नाव माहीत नसेल तरी चालेल, विठ्ठलाला माहीत आहे. आधी शंभरदा येईल, शंभरदा म्हणा. मग दहादा येईल. एक दिवस असा येतो, की ते चित्र येतं पण त्याच्याबरोबर भीती येत नाही. माझ्या मृदंगाच्या थापेतली "धाड" आता गेली. तो पोरगा मात्र आठवतो. दर पौषात आठवतो. आठवूच दे.

हे शब्द ज्यांच्या हाती पुढं पुस्तकातून जातील, त्यांच्यातही कुणी असा पाहिलेला असेल. माझ्या मायबापा, तू त्या जागी होतास म्हणून कुणीतरी एकटं गेलं नाही. आता तूही एकटा राहू नकोस. आज रात्री कुणाला तरी सांग. पहिल्यापासून सांग.

चुकलं-माकलं पदरात घ्या. इथंच सेवा पांडुरंगाच्या चरणी ठेवतो. रामकृष्ण हरी!