औषध घरात आल्यावर

(ज्ञातिमंडळाच्या पुसेगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही 'औषधांचा सुरक्षित वापर' असे उत्तर दिले. ते क्षणभर घुटमळले. त्यांचे घुटमळणे रास्तच होते. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य खडू-फळ्यापाशी गेलेले. मग या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार तो कोणता? तर वाचण्याचा. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचणे, वाचलेले समजून घेणे आणि न समजल्यास विचारणे हा धंदा आम्ही जन्मभर केला. आज जे सांगावयाचे आहे, ते बहुतांशी एवढ्याच धंद्याविषयी आहे.

प्रथम एका शब्दाविषयी बोलू. आपल्या बोलीत 'औषध' हा शब्द फार ऐसपैस झाला आहे. तापावर डॉक्टर देतात ते औषध, आणि कपाशीवर, तुरीवर, सोयाबीनवर पाठीवरच्या पंपाने मारतो तेही औषध. एखाद्या घराविषयी कोणी हलक्या आवाजात 'त्याने औषध घेतले' असे सांगितले, तर तो तापाच्या गोळीविषयी बोलत नाही, हे आपल्या भागात शाळकरी पोरासही कळते. जीव वाचविणारी वस्तू आणि जीव घेणारी वस्तू यांना आपण एकच नाव दिले, आणि पुष्कळ घरांत त्या दोन्ही एकाच कोनाड्यात ठेवल्या. फवारणीचे उरलेले द्रव्य खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची चाल तर सर्रास आहे. रात्री वीज गेलेली, पोर खोकत उठलेले, आणि आजी चाचपडत बाटली शोधते आहे, एवढे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रानातले द्रव्य त्याच्या मूळ डब्यातच असावे आणि तो डबा कुलपाआड, शक्यतो राहत्या घराबाहेर असावा. त्याला घरात 'औषध' न म्हणता 'विष' म्हणण्याची सवय लावली तरी बरेच काम होईल.

ही भीती काल्पनिक आहे असे कोणास वाटेल. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका गावी, पोलिओच्या डोसाच्या दिवशी बारा बालकांच्या तोंडात लसीच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले. सुदैवाने ती बचावली. जे काम नेमून दिलेल्या माणसांच्या हातून भर दिवसा असे झाले, तेथे आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघराची काय कथा!

आता बाटलीवरचे नाव बरोबर असूनही आतली वस्तू खोटी निघाली तर? तेही आपल्या राज्याने पाहिले आहे. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना देण्यात आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरावयाचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि रुग्णालयाच्या कारभारापासून औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेपर्यंत अनेकांवर कठोर ताशेरे ओढले. हे द्रव्य गोडसर असते, ग्लिसरीनसारखे दाट दिसते आणि पोटात गेल्यावर मूत्रपिंडे निकामी करते. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्याने शंभरावर माणसे मेली आणि त्यातून तेथील १९३८ चा औषधकायदा जन्मास आला. आपल्याकडील औषधकायदा १९४० चा. म्हणजे कायदा असून जे. जे. घडले.

आणि जे. जे. नंतर एकोणचाळीस वर्षांनी तेच पुन्हा घडले. २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्या-सर्दीचे 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप घेतलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे बंद पडून गेली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते. तामिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या सिरपमध्ये याच द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. कायद्याने ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. त्या मातापित्यांचा दोष काय होता? लेकरू खोकत होते, डॉक्टरांकडे नेले, दिलेले औषध पाजले. बाटलीत डोकावून विष ओळखण्याची विद्या कोणत्याही आईपाशी नसते. ती जबाबदारी कारखान्याची आणि सरकारची; ती आईच्या माथी मारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

तथापि एक प्रश्न आईबापांनी विचारण्याजोगा उरतोच : हे औषध लागतेच का? लहान मुलांची साधी सर्दी बहुधा आठवड्याभरात आपली आपण बरी होते. ऑक्टोबर २०२५ मध्येच केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत. त्याआधी, २०२३ च्या डिसेंबरात, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याची आज्ञा झाली होती. पण आपण काय करतो? दवाखान्यातून काही न देता परत पाठविणाऱ्या डॉक्टरांस 'काही येत नाही' म्हणतो, आणि सुई टोचून दोन बाटल्या देणाऱ्यास हुशार ठरवितो. मुलाला श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ते दूध टाकीत असेल, निपचित पडत असेल, किंवा कोणतेही औषध सुरू केल्यावर त्याची लघवी कमी झाली असेल, तर मात्र तासभरही वाट पाहू नये.

मापाविषयी थोडे. डॉक्टर 'पाच मिली' म्हणतात आणि आपण 'एक चमचा' ऐकतो. घरातला चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा आणि देवघरातली पळी यांत औषध सारखे मावत नाही. बाटलीबरोबर मापाचे टोपण किंवा पिचकारी येते ती त्याच बाटलीशी बांधून ठेवावी. मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने तुकडा मोडून मुलास देणे हाही असाच अविचार.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो, कारण आम्ही स्वतः त्याच रांगेत उभे आहोत. पुसेगावातील आमच्या वयाच्या माणसाची औषधांची पिशवी पाहावी. साखरेचे डॉक्टर हिंगोलीस, हृदयाचे नांदेडास किंवा अकोल्यास, डोळ्यांचे वाशिमास, आणि गुडघ्याची गोळी गावातल्या मेडिकलमधून परस्पर. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी शहाणा असतो. परंतु दुसऱ्याने काय दिले ते पहिल्यास ठाऊक नसते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी साफ करणारी गोळी आणि गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे म्हाताऱ्या मूत्रपिंडांवर भार पडतो. शिवाय वेदनाशामकाने रक्तदाबाच्या गोळीचा गुणही उणावतो. मग डॉक्टर रक्तदाबाची आणखी एक गोळी वाढवितात. अशा रीतीने एका गोळीचे काम दुसरी बिघडविते आणि ते बिघडलेले सावरण्यास तिसरी येते.

दुसरी गंमत, गंमत कसली, संकटच, नावांचे. एकाच औषधास कंपन्यांनी दिलेली नावे अनेक. क्रोसिन आणि डोलो ही दोन नावे, आत औषध एकच, पॅरासिटामॉल; आणि सर्दीच्या कित्येक मिश्र गोळ्यांतही तेच असते. धडधाकट प्रौढासही दिवसभरात चार ग्रॅमच्या वर ते चालत नाही, यकृतास धोका होतो. तीन पाकिटांतून तीन नावांनी घेणारा माणूस ही मर्यादा न कळत ओलांडू शकतो. तसेच एखाद्याने जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणली आणि घरात जुन्या नावाचे पाकीट शिल्लक राहिले, तर तो दोन्ही चालू ठेवतो, कारण नावे वेगळी! पाकिटावर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही छापलेले असते. ते वाचावे. अक्षर इंग्रजी आणि बारीक आहे, ही तक्रार खरी. पण आज घराघरांत इंग्रजी वाचणारे नातवंड आहे. मोबाइलचा उजेड पाडून आजोबांची पाकिटे वाचून दाखविणे हा त्याचा रोजचा धडा व्हावा.

आपल्याकडे नामदेवांची नरसी जवळ, एकादशी पाळणारी घरे पुष्कळ. साखरेच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, पोटात अन्न नसताना घेतल्या तर रक्तातील साखर धोक्याच्या खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस बरळतो आणि लोक म्हणतात, अंगात आले. उपवास सोडा असे आम्ही म्हणणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करावयाचे, हे आदल्या भेटीत डॉक्टरांस विचारून ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटलीवरील आकडा आणि सुईवरील आकडा जुळवून पाहावा : चाळीसच्या बाटलीस चाळीसचीच सुई, शंभरास शंभराची. घरी फ्रीज नसल्यास बाटली पाणी न शिरेल अशी बंद करून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, सावलीत ठेवावी. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी कोणास दिली असेल, तर ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. असल्या गोळीचा वार पाकिटावर मराठीत, ठळक लिहून ठेवावा.

बाजारच्या दिवशी सांधेदुखीच्या पुड्या विकणारे येतात. पुडीने दोन दिवसांत गुण येतो म्हणून लोक भुलतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले ठिकठिकाणी सापडले आहे. चेहरा सुजतो, साखर चढते, आणि पुडी एकाएकी बंद केल्यासही धोका. ज्या पुडीवर काही लिहिलेलेच नाही, तिच्यापुढे आमची वाचनविद्या थकते.

येथे ज्या शास्त्रास 'क्लिनिकल फार्मसी' म्हणतात, त्याविषयी सांगितले पाहिजे. औषध बनविणे आणि विकणे याखेरीज, या रुग्णास हे औषध लागू पडेल का, चालू औषधांशी ते भांडेल का, माप बरोबर आहे का, हे डॉक्टरांच्या बरोबरीने पाहणारा औषधतज्ज्ञ रुग्णालयात असावा, ही त्यामागील कल्पना. आपल्या देशात त्यासाठी २००८ पासून 'फार्म. डी.' हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. असा तज्ज्ञ पुसेगावास कधी येईल, हे विचारू नये. पण १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला आहे, आणि २०१५ च्या नियमांप्रमाणे औषध कसे घ्यावे हे ग्राहकास समजावून सांगणे त्याच्या कामात मोडते. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, असा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तेथे नम्रपणे विचारावे, 'फार्मासिस्ट कोण? आम्हांस त्यांच्याशी बोलावयाचे आहे.' एका गावात वीस घरांनी हे विचारले, तर प्रमाणपत्राचा धनी दुकानात बसू लागतो. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे ते चिठ्ठीवाचून मागू नये. दुकानदाराने दिले नाही तर त्याच्यावर रागावू नये, तो आपले काम करतो आहे. अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन गोळ्या पुढच्या तापासाठी ठेवण्याचा काटकसरीपणाही सोडावा. आणि क्षयाचे औषध महिन्याभरात बरे वाटले म्हणून थांबविणारा स्वतःबरोबर घरच्यांनाही धोक्यात घालतो.

औषधाने अंगावर काही विपरीत उठले, तर ते डॉक्टरांस कळवावेच. शिवाय सरकारने २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची व्यवस्था चालविली आहे. तिचा विनामूल्य दूरध्वनी १८००-१८०-३०२४. सामान्य माणसासही तेथे कळविता येते.

शेवटी कामाची गोष्ट. मंडळाने एक कोरा तक्ता छापून घेतला आहे. त्यात औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यावयाचे, कशासाठी आणि कोणी दिले, असे पाच रकाने आहेत. सर्वांत वर कोणते औषध सोसत नाही त्यासाठी जागा सोडली आहे. हा कागद भरून प्रत्येक डॉक्टरांपुढे आणि प्रत्येक मेडिकलमध्ये दाखवावयाचा. निमंत्रणपत्रिकेत आपापल्या औषधांच्या पिशव्या बरोबर आणण्याची विनंती होतीच. हिंगोलीहून आलेले आपल्या ज्ञातीतील एक नोंदणीकृत फार्मासिस्ट भोजनानंतर मंडपाच्या उत्तरेकडील टेबलापाशी बसणार आहेत. ते पिशवी पाहतील, आम्ही शेजारी बसून तक्ता लिहून देऊ. चष्मा विसरलेल्यांनी संकोच करू नये. फक्त गोळ्या सुट्या करून आणल्या असतील तर त्यांची पाकिटे घरून मागवून घ्यावीत, कारण सुट्या गोळीवर नाव नसते.