रकान्यात काय लिहायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमची पोरं म्हणतात, "शब्दांचा एवढा कीस कशाला पाडता? भाषा बदलतीय. समोरच्याला कळलं की झालं." निम्मं म्हणणं आम्हाला मान्य आहे. कुणी निब्बान म्हणावं, कुणी निर्वाण, त्यावर आम्ही भांडत नाही. तथागतांनी आपापल्या बोलीत धम्म शिकायला मुभा दिली, असं विनयपिटकातच आहे.

पण गिरणीत 'बदली' आणि 'कायम' यांत किती अंतर असतं, ते आम्हा कामगारांना विचारा. मशीन तेच, पाळी तीच, घामही तोच. पण बदलीवाल्यानं गेटवर उभं राहायचं आणि आज हाक येतेय का बघायचं.

आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावला १९२० साली शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. पुढं बाबासाहेबांनी १९२४ ला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. शब्द बघा. बहिष्कृत म्हटलं की बहिष्कार घालणारा कुणीतरी आहे हे लगेच कळतं. 'हरिजन' म्हटलं की तो घालणारा दडतो आणि वर आपल्यावरच उपकार केल्यासारखं होतं. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात लोकल बोर्डाच्या दुरुस्ती बिलात तो शब्द आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. आपलं नाव दुसऱ्यानं ठेवायचं की आपण, हा सवाल होता. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला २०२० साली. मधे ८२ वर्षं गेली!

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात तर बाबासाहेबांनी सांगूनच ठेवलंय की शब्द सारखा दिसला तरी अर्थ सारखा नसतो. 'कर्म' म्हटलं की अजून आपल्या घरात म्हणतात, मागच्या जन्माचं भोगतोय. अरे, बुद्धांनी आत्माच नाकारला, मग मागचं गाठोडं घेऊन येणार कोण? आणि मागच्या जन्माच्या पापानं खालच्या जातीत आलो हे एकदा मानलं, तर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली कशासाठी?

आता रकान्याचं. दीक्षेनंतर केंद्राच्या सवलती गेल्या. त्या बौद्धांना मिळाल्या १९९० च्या कायदादुरुस्तीनं. मधल्या काळात पोरांच्या शिक्षणापायी ज्यांनी कागदावर 'हिंदू' लावलं, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही, पोट होतं. पण १९९० नंतर ती भीती कशाला? काही जण उलट करतात, अभिमानानं जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहितात. भावना चांगली, पण बौद्ध ही जात नव्हे. तसं लिहिलं तर आपणच धम्माला जातींच्या पंगतीत बसवतो, आणि यादीतल्या जातीचा दाखला काढतानाही अडतो. धर्म विचारला तर बौद्ध. अनुसूचित जात विचारली तर यादीतलं नाव. दोन प्रश्न, दोन उत्तरं.

२०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध निघाले, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. घाईत ज्यांचं दुसरंच काही लिहिलं गेलं, ते यात नाहीत. तेव्हा प्रगणक दारात आला की त्याला चहा द्या, आणि लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा.

दर रविवारी वंदनेनंतर आम्ही दोघं-तिघं विहारात बसलेलो असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन या, चष्मा विसरू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!