विश्वास ठेवतो की बसतो?

आज आधी एक प्रयोग करू. पुढचे पाच सेकंद मनापासून माना, की तुमच्या हातातला फोन म्हणजे वांगं आहे. नाटक नाही हं, खरंखुरं मानायचं. जमलं? आणि दहा हजार रुपये देतो म्हटलं तर? तरी नाहीच ना!

मराठीत आपण ‘विश्वास ठेव’ म्हणतो आणि ‘विश्वास बसला’ असंही म्हणतो. ठेवणारे आपण असतो. बसतो मात्र तो स्वतःहून. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

माझी आई म्हणते, "तू आरतीला नुसता उभा राहा, श्रद्धा आपोआप बसेल." ऐकायला भोळं वाटतं, पण सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल साधारण हेच सांगून गेलाय: श्रद्धा बसत नसेल, तर श्रद्धाळू जे करतात ते करायला लाग. म्हणजे हुकूम सोडून विश्वास येत नाही, पण त्याच्यासाठी दार उघडं ठेवता येतं.

मग धर्म निवडणाऱ्यांचं काय? बाबासाहेब आंबेडकर बघा. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा येवल्यात 1935 मध्ये. बौद्ध धम्माची दीक्षा नागपुरात, 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये 21 वर्षं! त्यात राजकारण होतं, राज्यघटना होती, आणि वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यासही. शीख धर्माचा त्यांनी गंभीरपणे विचार केला होता. मॅट्रिक झाल्यावर केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं होतं. ते पुस्तक हातात पडणं ही काही त्यांची निवड नव्हती. पुढे वर्षानुवर्षं वाचणं, ताडून बघणं, ही मात्र होती. दीक्षेची तारीख ठरवता येते, पटण्याची नाही.

आता इंजिनिअर म्हणून एक सांगतो. तुम्हाला काय पटावं, याच्याशी ॲपला देणंघेणं नसतं. तुम्ही कुठे किती वेळ थांबलात, ते मोजून तसंच आणखी पुढे सरकवलं जातं. महिन्याभरात वाटायला लागतं, ‘सगळे हेच तर म्हणतायत.’ काय पटेल ते आपल्या हातात नाही. काय वाचायचं, कुणाचं ऐकायचं, एवढंच आहे. तेही फोनला देऊन टाकलं, तर उरलं काय?

म्हणून या आठवड्यात एक करा. तुमचं एक पक्कं मत घ्या, धर्माबद्दलचं असलं तरी चालेल. त्याच्या विरुद्ध बोलणारा सगळ्यात समंजस माणूस शोधा आणि त्याचं पूर्ण ऐका, मध्ये न तोडता. मत बदलेलच असं नाही. पण राहिलं, तर ते तुम्ही तपासून ठेवलेलं असेल.

भेटू पुढच्या भागात!