बळ आणि हेतू



आजचा विषय महासत्तांचा आहे. परंतु वॉशिंग्टन-मॉस्कोकडे वळण्यापूर्वी आपण रे रोड स्थानकाच्या पूर्वेला, दारुखान्याच्या किनाऱ्यावर जाऊ. जुनी जहाजे फोडण्याची ही जागा. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली येथेच फोडली गेली. लिलावात तिचे सुमारे ६० कोटी रुपये आले. राष्ट्राचे बळ म्हणून मिरवलेली वस्तू अखेर भंगाराच्या भावाने जाते. मग राष्ट्रे एवढा पैसा ओतून बळ का जमवतात? आणि पुरेसे झाले म्हणून थांबत का नाहीत?

या प्रश्नाला शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मिअरशायमर यांनी २००१ साली एका ग्रंथात उत्तर दिले. त्यांच्या उपपत्तीला आक्रमक वास्तववाद म्हणतात. तिची गृहीते पाच. राष्ट्रांच्या वर कोणी कोतवाल नाही. प्रत्येक बड्या राष्ट्राजवळ दुसऱ्याला इजा करण्याचे थोडेफार साधन असते. दुसऱ्याच्या मनातील हेतू खात्रीने कळत नाही. टिकून राहणे ही प्रत्येकाची पहिली इच्छा. आणि राष्ट्रे हिशेबाने वागतात. या पाचांतून निष्कर्ष निघतो तो असा : स्वभावाने दुष्ट नसलेले राष्ट्रही भयापोटी बळ वाढवत जाते, कारण आपल्या प्रदेशात सर्वांहून बलाढ्य होणे हीच त्याला सुरक्षिततेची खरी हमी वाटते. मिअरशायमर याला शोकांतिका म्हणतात, ते यासाठीच.

यातील तिसरे गृहीत आपल्याला परके वाटू नये. तुळाजी आंग्रे डोईजड झाले म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या दिवशी इंग्रज मित्र होते. पुढे १८ वर्षांनी, डिसेंबर १७७४ मध्ये, त्याच इंग्रजांनी साष्टी घेतली. हेतू पालटायला १८ वर्षे पुरली. बुडालेले आरमार मात्र तेवढ्या काळात पुन्हा तसे उभे राहिले नाही. शेजाऱ्याच्या शब्दापेक्षा त्याच्या बळाकडे पाहा, असे ही उपपत्ती सांगते ते उगाच नव्हे.

आता पुन्हा ‘विक्रांत’कडे येऊ. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार या बंदरांवर हल्ले केले. त्याच महिन्यात अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारी ‘एंटरप्राइझ’ बंगालच्या उपसागरात धाडली. वजनाने ती ‘विक्रांत’च्या चौपटीहून अधिक. तिच्या मागावर रशियन नौका निघाल्या. लोकशाही अमेरिका पाकिस्तानच्या लष्करशाहीच्या आणि कम्युनिस्ट चीनच्या बाजूला, तर लोकशाही भारत रशियाच्या बाजूला! तत्त्वांच्या चष्म्यातून पाहिले तर हा सारा गोंधळ वाटतो. बळाच्या हिशेबाने पाहिले तर सरळ उलगडा होतो : चीनला रशियाचे भय, रशियाला चीनचे, अमेरिकेला रशियाविरुद्ध चीन हवा होता, आणि त्या वाटेवर पाकिस्तान मध्यस्थ होता. ‘एंटरप्राइझ’ येऊनही १६ डिसेंबरला ढाका पडले, तेही या उपपत्तीत बसते. समुद्र हा मोठा अडसर आहे, जमिनीचा निकाल पायदळ लावते, असे मिअरशायमर आग्रहाने सांगतात.

इथवर उपपत्तीचा जय आहे. पण ते युद्ध मुळात पेटले कशाने? डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. शेख मुजीबुर रहमान यांच्या पक्षाला बहुमत मिळाले आणि सत्ता मात्र नाकारण्यात आली. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर लोकांवर तुटून पडले. सुमारे १ कोटी निर्वासित आपल्या हद्दीत आले. म्हणजे ठिणगी मतपेटीतून उडाली. ही उपपत्ती राष्ट्रांना कॅरमच्या सोंगट्यांसारखे मानते. वजन पाहावे, वेग पाहावा, आतले लाकूड कसले ते विचारू नये. येथे तर आतले लाकूडच दुभंगले होते.

आणखी एक. जिंकल्यावर भारतीय सैन्य ढाक्यात बसून राहिले नाही. मार्च १९७२ मध्ये ते परतले. उपपत्तीचे कैवारी म्हणतील, शत्रू दुबळा झाला, तेवढे पुरे. परक्या लोकांवर राज्य करण्याने बळ वाढत नाही, घटते. मान्य. पण हे कळण्यासाठी त्या लोकांच्या मनात डोकवावेच लागते. तेथे नुसती जहाजांची गणती कामाची नाही.

तेव्हा या उपपत्तीचे करायचे काय? माझे मत असे की, तिला पहारेकरी म्हणून दारावर जरूर ठेवावी. मित्र आज गोड बोलतो म्हणून आपले आरमार आपणच जाळू नये, हे ती बजावत राहील. पण तिला घरधनी करू नये. पहारेकऱ्याला प्रत्येक सावली चोराची वाटते. तो त्याचा धर्मच आहे. तो घर चालवू लागला, तर शेजाऱ्याकडे पाहुणा म्हणून कोणी जाणार नाही, आणि घरातली सारी मिळकत कुलपांत जाईल.

किती कुलपे घ्यायची आणि किती पुस्तके, हे ठरवणारे अखेर आपण मतदार आहोत. पोलाद भंगारात जाते, आणि त्याच्या जागी नवे घडते. नवी ‘विक्रांत’ २०२२ साली कोचीला नौदलात दाखल झाली, हे योग्यच झाले. पण ती कोणत्या कामासाठी समुद्रावर जावी, याचे उत्तर कोणत्याही उपपत्तीवर सोपवून नागरिकांना मोकळे होता येणार नाही.