आज्याची पेटी आन् रद्दीचा काटा
(नांदेडच्या तरुण मित्रांपुढं केलेलं भाषण)



मी मॅट्रिकवाला. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता लिहितो आन् सुट्टी मिळाली की नांदेड-लातूरच्या रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवतो. आमचा मुकादम म्हणतो, "हितं पाठीवर वजन कमी पडतं का, गावाला जाऊन कागदं उचलतोस?"

माझा आजा 'अस्मितादर्श'चा वर्गणीदार. दुसरी शिकलेला, अडखळत वाचायचा, पण अंक पत्र्याच्या पेटीत जपायचा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आन् मराठवाडा पेटवला गेला. ह्याच जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला. आमची वस्ती जळाली, पेटी बी जळाली. आजी सांगायची, भांडी काळी पडली ती घासली, कागद कसा घासावा बाबा?

आता जाळायला कुणी येत नाही. आपणच विकतो. लातूरला एका मास्तरांच्या पोरानं फ्लॅट घेतला, बापाची सगळी कागदं किलोवर घातली. मी पोचलो तवा तीन अंक उरले होते. बाकीच्यांच्या शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या.

एक ध्यानात ठेवा. १९६७ साली औरंगाबादेत हे सुरू झालं ते 'अस्मिता' नावानं, पुढं त्याचंच 'अस्मितादर्श' झालं. रद्दीत 'अस्मिता' दिसलं तर दुसरंच काही समजून सोडू नका. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी घ्या. कविता पुढं पुस्तकात जाते, ती कुठंही घावते. वाचकांची पत्रातली भांडणं, मेळाव्याचं निवेदन, वर्गणी पाठवा म्हणून संपादकाची विनवणी, हे पुस्तकात येत नाही. राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त आला. तो त्या अंकातच वाचा. शेजारच्या पानावर काय छापलंय ते बघितलं की ढाले कुणाच्या पंगतीत उभं राहून बोलत होते ते कळतं.

बाबासाहेबांचे 'मूकनायक' आन् 'बहिष्कृत भारत' सरकारनं १९९० साली, वसंत मून यांच्या संपादनाखाली पुन्हा छापले. कुणीतरी ते अंक साठ-सत्तर वर्षं सांभाळले होते म्हणून छापता आले.

काही शौकीन बी भेटतात. अंक प्लास्टिकात घालून कपाटात कोंडतात, हात लावू देत नाहीत. त्यांच्यात आन् वाळवीत मला फरक दिसत नाही. माझे अंक कुणीबी बसून वाचावेत. फक्त थुंकी लावून पान उलटू नका, तुकडा पडतो. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून अक्षरं खाते. गंजलेल्या पिना हळूच काढा, दोऱ्यानं शिवा. मोबाइलवर फोटो काढा, मागच्या जाहिरातीसकट.

भाषण झाल्यावर मी दारापाशी बसतो. ज्यांच्या घरात माळ्यावर जुनी पेटी असंल त्यांनी आजच बघून या. मला रात्रीच्या गाडीनं परत जायचंय, उद्या पाळी आहे.